लिंपणकामाचा तयार संच: पेटीत काय आहे आणि काय नाही

एप्रिलच्या अखेरीस नणंदेची अकरा वर्षांची मुलगी सुट्टीसाठी पुण्याहून वडोदऱ्याला आमच्याकडे आली. दुपारच्या उन्हात तिला बाहेर सोडता येत नव्हते आणि घरात तिच्या हाताला काही काम हवे होते, म्हणून ‘नवशिक्यांसाठी अगदी सोपे’ असे छापलेला लिंपणकामाचा एक तयार संच मी ऑनलाइन मागवला. किंमत ४४९ रुपये होती आणि पेटी चौथ्या दिवशी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पोहोचली. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. वर्षभरात मैत्रिणींकडे अशा आणखी तीन पेट्या पाहिल्या, तिन्ही वेगवेगळ्या नावांच्या, पण आतली फळी, आतली माती आणि आतला कागद जवळजवळ एकसारखा. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते एका पेटीबद्दल असले, तरी तशा कुठल्याही पेटीला थोड्याफार फरकाने लागू पडेल असे मला वाटते.

पेटीवर ‘लिप्पन आर्ट’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. गुजरातीत मूळ शब्द लींपण, आणि तो आपल्याला परका नाही. चुलीला पडलेली भेग लिंपायची आणि जमीन सारवायची, ही दोन्ही क्रियापदे सासूबाईंच्या पिढीच्या तोंडी आजही आहेत. कच्छमधल्या बायका आपल्या गोल घरांच्या, म्हणजे भुंग्यांच्या, भिंतींवर आतून जे नक्षीकाम करतात त्यात तळ्यातली चाळलेली माती आणि जनावराचे शेण एकत्र मळतात, त्याच्या हातावर वळ्या करतात, त्या ओल्या भिंतीवर दाबून बसवतात आणि मधल्या जागांत आरशाचे तुकडे, म्हणजे आभली, खोचतात. शेणाचे काम इथे केवळ चिकटपणापुरते नसते. त्यातल्या न पचलेल्या गवताच्या बारीक तंतूंमुळे माती वाळताना एकमेकांना धरून राहते आणि फाटत नाही. पेटीतल्या संचाचे परीक्षण करताना हे आधी सांगण्याचे कारण असे की त्यातून शेण वगळले आहे, जे समजण्यासारखेच आहे, परंतु शेण जे काम करत होते ते दुसऱ्या कशाकडेही सोपवलेले नाही.

पेटी उघडली तेव्हा आत बारा इंच व्यासाची एमडीएफची गोल फळी, पांढऱ्या मातीचे पाव किलोचे बंद पाकीट, चार आकारांचे शंभर आरसे, सहा लहान डब्यांत ॲक्रिलिक रंग, एक ब्रश, डिंकाची बोटभर बाटली आणि सूचनांचा दुमडलेला कागद निघाला. फळीवर नक्षी आधीच छापलेली होती. नवशिक्याला चित्र काढण्याची धास्ती असते, त्यामुळे ही सोय चांगली आहे. फक्त ती छपाई इतकी फिकट होती की रंगाचा पहिला हात दिल्यावर नक्षी अर्धी दिसेनाशी झाली, आणि ‘आधी फळी रंगवा, मग माती लावा’ हा क्रम त्यांच्याच कागदावर पहिल्या ओळीत दिलेला आहे! आम्ही वेळीच थांबलो, उरलेल्या भागावरची नक्षी बटरपेपरवर उतरवून घेतली आणि रंग वाळल्यावर पुन्हा पेन्सिलीने छापली. ज्यांच्या घरी अशी पेटी आली असेल त्यांनी हे काम रंगाची डबी उघडण्यापूर्वी करावे.

फळीची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. रात्री गडद निळा रंग देऊन ठेवलेली सपाट फळी सकाळी परातीसारखी खोलगट झाली होती. भाचीला वाटले तिच्याच हातून काही बिघडले. प्रत्यक्षात यात तिचा काहीच दोष नव्हता. एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुसा आणि तंतू दाबून केलेली फळी. ती पाणी ओढून घेते आणि फुगते, आणि पाण्यात कालवलेला रंग एकाच बाजूला लावला की दोन बाजू वेगवेगळ्या ताणाने सुकतात. चार मिलिमीटर जाडीच्या फळीत हा ताण सहन करण्याइतका दम नसतो. उपाय साधा आहे: मागच्या बाजूलाही त्याच दिवशी तितकाच रंग द्यायचा आणि बोटाला लागेनासा झाला की दोन वर्तमानपत्रांमध्ये ठेवून वर वजन ठेवायचे. आम्ही मागून घरात उरलेला भिंतीचा पांढरा प्रायमर दिला आणि सासूबाईंचा जुना पाटा वर ठेवला. दीड दिवसात फळी पुष्कळ सरळ झाली. सहा इंचांच्या पानभर सूचनांमध्ये ‘मागची बाजूही रंगवा’ या तीन शब्दांना जागा मिळाली असती तर हे दोन दिवस वाचले असते.

आता माती. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत अधिक आनंद आणि सर्वांत अधिक मनस्ताप मातीनेच दिला. पाकिटातली माती मऊ होती, हाताला चिकटत नव्हती आणि तिला वासही नव्हता. पोळपाटावर तळहाताने ती लांबवायची आणि दोरीसारखी वळी करायची असे कागद म्हणतो. वळी किती जाड असावी हे मात्र तो सांगत नाही. भाचीने पहिल्या उत्साहात केलेल्या वळ्या शेंगोळ्यांएवढ्या जाड होत्या, एका टोकाला फुगीर आणि दुसऱ्या टोकाला निमुळत्या. सासूबाई बराच वेळ झोपाळ्यावरून हे पाहत होत्या. शेवटी न राहवून त्या उठल्या, त्यांनी तळहाताला खोबरेल तेलाचे बोट लावले आणि चिमूटभर माती घेऊन पोळपाटावर न ठेवता हवेतच दोन बोटांमध्ये फिरवायला सुरुवात केली. लग्नाच्या रुखवतासाठी गव्हले, मालत्या आणि नखुले वळलेले ते हात होते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची, शेवईसारखी वीतभर वळी त्यांच्या बोटांतून खाली उतरत गेली. “तळहाताने दाबायचं नाही गं, बोटांनी नुसतं पुढे ढकलायचं,” असे त्या म्हणाल्या. त्या एका वाक्याने जे काम झाले ते कागदावरच्या आठ चित्रांनी झाले नव्हते. अर्ध्या तासात भाचीच्या वळ्याही पुष्कळ सारख्या येऊ लागल्या आणि “आजी, ही बघ, ही बघ” असे करत तिने दुपार काढली.

तोपर्यंत पाकिटातली निम्मी माती मात्र संपली होती. नक्षीचा बाहेरचा एक घेर आणि मोराच्या शेपटीचा काही भाग उरलेला असताना पाकीट रिकामे झाले. याबद्दल सगळा दोष कंपनीवर टाकणे न्यायाचे होणार नाही. तीन मिलिमीटर जाडीच्या वळ्या पहिल्यापासून केल्या असत्या तर तेवढी माती कशीबशी पुरली असती, असा माझा अंदाज आहे. पण संच नवशिक्यासाठी आहे, आणि नवशिक्या पहिल्या वळ्या जाडच करणार, काही मोडणार, काही वाळवून वाया घालवणार. त्याच्या चुकांसाठी मूठभर माती अधिक ठेवली असती तर किमतीत असा काय फरक पडला असता? मला आणखी ८० रुपयांची माती विकत आणावी लागली, म्हणजे ४४९ चे ५२९ झाले.

मग भेगा पडल्या. मे महिन्यात वडोदऱ्याचा पारा चाळिशीच्या वर असतो आणि आम्ही फळी पंख्याखाली ठेवली होती. हवेत वाळणारी माती पाणी गमावते आणि त्या प्रमाणात आक्रसते. बाहेरचा थर आधी कडक झाला आणि आतला ओलाच राहिला, तर बाहेरच्या थराला फाटण्यावाचून गत्यंतर नसते. संध्याकाळी भाचीने दिवा लावला आणि ओरडली, “मामी, सगळ्या मोराला भेगा पडल्या!” जाड वळ्यांना रुंद भेगा होत्या, सासूबाईंच्या बारीक वळ्यांना जवळजवळ नव्हत्या, आणि काही वळ्या फळीपासून सुटून आल्या होत्या. दुरुस्तीसाठी मी वाळलेल्या मातीचे तुकडे खलबत्त्यात कुटले, त्यात फेविकॉल आणि पाण्याचे चार थेंब घालून दाट खळ केली आणि टूथपिकने ती भेगांमध्ये भरली. हे झाले अक्षरशः लिंपण. सुटलेल्या वळ्यांखाली फेविकॉलची बारीक रेघ ओढून त्या परत बसवल्या. त्यानंतर मात्र फळी पंख्याखाली न ठेवता ओट्याच्या बंद कपाटात, वर सुती फडके टाकून दोन दिवस सावकाश वाळू दिली आणि नवी भेग पडली नाही. उन्हाळ्यात वेग कमी करायचा आणि पावसाळ्यात धीर धरायचा, एवढेच त्यातले गणित आहे.

आरशांविषयी मात्र चांगलेच लिहायला हवे. चारही आकार, गोल, चौकट, त्रिकोण आणि थेंब, नेमके कापलेले होते, पाठीमागचा चंदेरी लेप कुठे खरवडलेला नव्हता आणि शंभरपैकी फक्त तीन तुटके निघाले. पृष्ठभागावर पातळ प्लॅस्टिक होते, जे शेवटी सोलून काढायचे असते, त्यामुळे रंगाचे डाग आरशावर पडत नाहीत. एकच तक्रार आहे आणि ती लहान नाही: कडा घासलेल्या नव्हत्या. भाचीच्या अंगठ्याला त्रिकोणी आरशाने चिरले. पेटीवर आठ वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी असे छापलेले असताना याबाबत एका ओळीचीही सूचना असू नये, हे मला बेफिकिरीचे वाटले. मी नंतर प्रत्येक आरशाच्या कडा बारीक पॉलिश पेपरवर पाण्याचा थेंब टाकून दोन-दोन वेळा फिरवल्या. शंभर आरशांना पाऊण तास लागला. मोठ्या माणसाने हे आधी करून ठेवावे आणि मगच पेटी मुलांच्या हाती द्यावी.

डिंकाची बाटली तळाशी घट्ट झालेली निघाली. तिच्याऐवजी नेहमीचा पांढरा फेविकॉल वापरला आणि तिथेही एक धडा मिळाला. काचेतून पाणी निघून जाऊ शकत नाही, ते फक्त फळीच्या बाजूने शोषले जाते, म्हणून आरशाखाली डिंक जाड लावला तर तो दिवसभर ओला राहतो. आम्ही घाईने फळी भिंतीला टेकवून उभी केली आणि तासाभरात मोराचे दोन डोळे हळूहळू घसरत चोचीपाशी आले. पातळ थर लावावा, आरसा दाबून बसवावा आणि रात्रभर फळी आडवीच ठेवावी. चप्पल-बुटांसाठी वापरतात तो उग्र वासाचा पिवळा गोंद लवकर धरतो खरा, पण त्यातली द्रावके आरशाच्या पाठीवरचा लेप खाऊ शकतात आणि काही दिवसांनी काचेत काळपट डाग उमटतात, तेव्हा तो मोह टाळावा.

सूचनांच्या कागदाबद्दल वर तुकड्यातुकड्यांनी लिहून झाले आहे, तरी एक गोष्ट उरते. एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला हिंदी मजकूर होता, आणि हिंदी वाक्ये कोणा माणसाने एकदाही वाचून पाहिलेली नसावीत अशी होती. गुजरातची कला, गुजरातमध्ये विकायला आलेली पेटी, आणि त्यात गुजरातीचे अक्षर नाही. ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढून हातातले कौशल्य पद्धतशीर शिकवण्याची सोय केली, जिथे दादासाहेब फाळके शिकले, त्या शहरात बसून हा कागद वाचताना मला थोडे हसू आले आणि थोडा रागही आला.

पहिली फळी पूर्ण झाल्यावर सासूबाईंनीच विचारले, “हे सगळं सुटं मिळत नाही का गं बाजारात?” मिळते. मांडवी आणि मंगळबाजाराच्या परिसरात चणिया-चोळीला लागणारी लेस, गोंडे आणि आभली विकणारी दुकाने आहेत. तिथे आधी मी कपड्यावर टाकायची आभली उचलली, तेव्हा दुकानदाराने ती माझ्या हातातून काढून घेतली. “बेन, आ नहीं चाले, आ तो कपडानां छे,” असे म्हणत त्याने खालच्या खणातून जरा जाड काचेची पाकिटे काढली. कपड्यावरची आभली पातळ आणि हलकी असतात, फळीवर दाबताना तुटतात, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. ही खरेदी नवरात्रीच्या आधीच्या महिन्यात करू नये. तेव्हा त्या गल्लीत उभे राहायलाही जागा नसते आणि दुकानदाराला आपल्याशी दोन शब्द बोलायला फुरसत नसते, आणि त्या दोन शब्दांसाठीच तर तिथे जायचे.

मला पडलेला खर्च असा. बारा इंचांची गोल एमडीएफ फळी ७० रुपये, आरशांची दोन पाकिटे ८० रुपये, अर्धा किलो चॉक पावडर २० रुपये आणि फेविकॉलचा डबा ९० रुपये, एकूण २६० रुपये. रंग पहिल्या पेटीतला उरला होता. म्हणजे पेटी आणि वरच्या मातीला मिळून जे ५२९ रुपये गेले त्याच्या निम्म्याहून थोडे कमी, आणि पावडर अजून शिल्लक आहे. मातीऐवजी दोन भाग चॉक पावडर आणि एक भाग फेविकॉल एकत्र करून पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट गोळा मळला. सुरुवातीला तो बोटांना फार चिकटतो, पण दहा मिनिटे मळल्यावर आणि हाताला टाल्कम पावडर लावल्यावर सुटा होतो. उघडा राहिला तर त्यावर लगेच साय धरते, म्हणून लागेल तेवढाच तुकडा काढून उरलेला प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावा. या गोळ्याची वळी सुकल्यावर किंचित आक्रसते, पण फेविकॉल तिला धरून ठेवतो. कच्छच्या मातीत जे काम शेणाचे तंतू करतात, त्यातले बरेचसे इथे डिंक करतो. दुसऱ्या फळीवर मला फक्त दोन केसासारख्या भेगा सापडल्या, त्याही वळ्यांच्या जोडावर.

ज्यांना भेगांची कटकट मुळीच नको असेल त्यांनी दोन भागांत येणारी एपॉक्सी माती घ्यावी, जिला आमच्याकडे अजूनही सगळे ‘शिल्पकार’ याच नावाने ओळखतात. दोन गोळे समप्रमाणात मळले की ती पाणी उडून नव्हे, तर रासायनिक क्रियेने कडक होते, त्यामुळे आक्रसत नाही. पण ती महाग पडते, मळल्यावर ठरावीक वेळेतच वापरावी लागते आणि मुलांनी ती उघड्या हाताने मळू नये. अकरा वर्षांच्या मुलीच्या सुट्टीसाठी मला ती योग्य वाटली नाही.

मग तयार संच घ्यावा की नाही? मी पाचपैकी तीन गुण देईन. त्यातले दोन आरशांना आणि छापलेल्या नक्षीच्या कल्पनेला आहेत. तिसरा गुण त्या पेटीने आम्हाला सुरुवात करायला लावली याला आहे, कारण २६० रुपयांचे सामान सुटे आणायला कोणते सामान आणायचे हे आधी माहीत असावे लागते, आणि ते आम्हाला पेटीतल्या चुकांमधूनच कळले. ज्यांना घराजवळ असा बाजार नाही, किंवा ज्यांना एकदाच करून पाहायचे आहे, त्यांनी पेटी घेतली तर पैसे फुकट गेले असे म्हणता येणार नाही, फक्त वेगळा फेविकॉल आणि मूठभर जास्तीची माती आधीच आणून ठेवावी. ज्यांच्या घरी शेवया, गव्हले किंवा चकल्या करणारे एखादे माणूस आहे, त्यांनी मात्र थेट मंगळबाजार गाठावा. ज्यांना एका संध्याकाळी संपणारे काम हवे आहे त्यांनी यात पडूच नये. पेटीवर ‘दोन तासांत तयार’ असे लिहिलेले आहे. आम्हाला सुकवण्यासह नऊ दिवस लागले.

पहिली फळी भाची पुण्याला घेऊन गेली. मी ती उशीच्या अभ्रात गुंडाळून दिली होती, तरी प्रवासात एक थेंबाच्या आकाराचा आरसा निघालाच आणि तिने तो स्वतः परत चिकटवल्याचा फोटो पाठवला. दुसरी आमच्या दिवाणखान्यात देवघराच्या बाजूला लावली आहे. तिच्यावरची धूळ कोरड्या, मऊ ब्रशने झटकायची असते, कारण ओले फडके लागले तर चॉक पावडरच्या वळ्या पांढऱ्या पडतात, हे आमच्या कामवाल्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात सिद्ध केले. तिसऱ्या फळीवर सासूबाईंनी चंद्रकोर आणि तुळशीवृंदावन काढून ठेवले आहे. वळ्याही वळून झाल्या आहेत, फक्त गोल आरसे संपले आहेत, आणि नवरात्र तोंडावर आल्यामुळे त्या गल्लीत शिरायचे धाडस मला अजून झालेले नाही.